पन्नास इंच की कमी? मूसची शिंगं जोखायला शिकले तो उन्हाळा

सप्टेंबरात अलास्काच्या रानात नर मूस, म्हणजे हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी, समोर आला की शिकाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो: हा कायद्यात बसतो का? दिसेल तो नर मारायची परवानगी इथं बहुतेक भागांत नसते. शिकारीच्या नियमांसाठी राज्याचे विभाग पाडलेले आहेत; आम्ही जाणार होतो त्या विभाग १३मध्ये सर्वसाधारण हंगामात तीनच प्रकारचे नर चालत होते. पहिला, ज्याच्या निदान एका शिंगाला एक किंवा दोनच टोकं आहेत असा कोवळा नर. दुसरा, ज्याच्या शिंगांचा पसारा ५० इंच किंवा त्याहून जास्त आहे असा. तिसरा, कपाळापुढे येणाऱ्या फाट्यावर, निदान एका बाजूला, चार किंवा जास्त टोकं असलेला. या पुढच्या टोकांना ब्राउ टाइन म्हणतात. बाकीचे, म्हणजे मुख्यतः मधल्या वयाचे नर, सोडून द्यायचे.

वाचायला हे सोपं आहे. ठरवायचं मात्र असतं दीड-दोनशे यार्डांवरून, विलोच्या झुडपांआडून, जनावर चालत असताना, आणि कधीकधी त्यासाठी मिनिटभरही मिळत नाही. नियमात न बसणारा नर पाडला तर मांस आणि शिंगं जप्त होतात, दंड होतो. मला त्याहून जास्त टोचत होतं ते वेगळंच. ज्याला अजून कितीतरी वर्षं जगायचं होतं, माद्यांमागे जायचं होतं, असा नर आपल्या उतावळेपणानं गेला तर ती भरपाई कुठल्याच दंडानं होत नाही. म्हणून मी आणि नवऱ्यानं ठरवलं की आधी आख्खा उन्हाळा शिंगं बघायची. बंदुकीचा सराव त्याच्या जोडीनं होईल, पण डोळ्यांचा सराव आधी.

मी मूळची चंद्रपूरची. ताडोबाच्या कडेला वाढलेल्या माणसाला सांबराची शिंगं उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात, पावसाळ्यात पुन्हा फुटतात, हे सांगावं लागत नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं असं मी आजही मानते. अलास्काची गोष्ट निराळी आहे. माणसं थोडी, रान अफाट, आणि १९५९ साली राज्य झाल्यापासून राज्यघटनेतच लिहिलेलं की मासे, वन्यप्राणी, जंगल यांचा वापर शाश्वत उत्पादनाच्या तत्त्वावर करायचा. मूसचं मांस इथं हौसेचं नाही, कितीतरी घरांचं ते वर्षभराचं अन्न आहे. अँकरेजमध्ये आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्यांनी कागदात गुंडाळलेलं मूसचं मांस आणून दिलं होतं. त्या शेजारच्या आजोबांनीच आम्हाला पुढं शिकवलं. राज्यात सलग बारा महिने राहिल्यावर रहिवासी म्हणून परवाना मिळतो. विभाग १३मध्ये आमच्या वयाच्या लोकांना शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो. तो केला, आणि त्यात शिंगांवरच्या प्रश्नांनी मला सर्वांत जास्त घोळात टाकलं.

आजोबांच्या गॅरेजात गळून पडलेल्या शिंगांचा मोठा ढीग होता. वर्षानुवर्षं वसंतात रानातून उचलून आणलेली. शिकवणीची सुरुवात तिथून झाली. मूसच्या शिंगाचे ढोबळ दोन भाग पडतात. कवटीवरच्या खुंटातून एक दांडा बाजूला निघतो, मग तो फुटतो. पुढे, चेहऱ्याच्या दिशेनं येतो तो छोटा पंजा, त्याच्यावरची टोकं म्हणजे ब्राउ टाइन. मागे आणि वर पसरतो तो मोठा पंजा. या दोहोंमध्ये एक रुंद खोलगट जागा असते. त्या खोलगटीत किंवा तिच्या पलीकडे उगवलेलं टोक ब्राउ टाइन म्हणून मोजायचं नाही. आणि टोक तरी कशाला म्हणायचं? निदान एक इंच लांब हवं, आणि रुंदीपेक्षा लांबी जास्त हवी. रुंदी मोजायची ती शेंड्यापासून इंचभर किंवा त्याहून खाली. मी टेप घेऊन एकेक शिंग मोजत बसले. दुरून चार वाटणारी टोकं हातात घेतल्यावर तीन निघत. चौथं असे ते नुसतं टेंगूळ, जेमतेम पाऊण इंचाचं. काही शिंगांमध्ये पुढचा पंजा आणि मागचा पंजा इतके सलग जुळलेले होते की खोलगट नेमकी कुठं सुरू होते यावर आमची चर्चा रंगे. आजोबा म्हणायचे, जमिनीवर ठेवलेल्या शिंगावर दोघांचं एकमत होत नसेल, तर जिवंत जनावरावर गोळी झाडायचा प्रश्नच नाही.

नंतर त्यांनी एका जुन्या कवटीसकटचं शिंग अंगणाच्या टोकाला खांबावर चढवलं आणि आम्हाला दूर उभं करून पसारा विचारला. पसारा म्हणजे कवटीच्या मध्यरेषेला काटकोनात, एका बाजूच्या सर्वांत बाहेरच्या बिंदूपासून दुसऱ्या बाजूच्या बाहेरच्या बिंदूपर्यंतचं सरळ अंतर. पंजाच्या गोलाईवरून टेप फिरवायची नाही. आम्ही दोघं दर वेळी जास्तच सांगायचो. नंतर लक्षात आलं की हे सगळ्यांचंच होतं, मोठं जनावर बघून डोळा शिंगाला मोठं करतो. त्यावर एक आधार शिकवला जातो: अलास्काच्या प्रौढ नराच्या दोन डोळ्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर सुमारे दहा इंच असतं. म्हणजे पन्नास इंचांसाठी तसली पाच अंतरं हवीत, आणि डोळ्याच्या बाहेर प्रत्येक बाजूला त्यातली दोन. मी स्पॉटिंग स्कोपमधून, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या एकनळी दुर्बिणीतून, बघताना मनात ही अंतरं पट्ट्यांसारखी मांडत जायचे. डावीकडे एक, दोन. उजवीकडे एक, दोन. दुसऱ्या पट्टीच्या टोकापाशी शिंग संपलं तर गोष्ट काठावरची. काठावरचं म्हणजे नाही.

खरी शाळा भरली ती ग्लेन आल्प्सला. अँकरेजच्या मागे चुगाच पर्वतरांगेत पॉवरलाइन पासकडे जाणारी वाट आहे; विजेच्या खांबांच्या ओळीखालून ती दरीत लांबवर जाते. खाली कॅम्पबेल क्रीकचा दक्षिण फाटा, दोन्ही उतारांवर विलो, वर उघडा टुंड्रा. इथं लोक कॅमेरे घेऊन मूस बघायला येतात. शहरातून अर्ध्या तासात पोचता येतं, आणि जूनमध्ये सूर्य रात्री साडेअकराच्या पुढं मावळत असल्यामुळे नोकरी करून, जेवून, मग निघालं तरी भरपूर उजेड असतो. ट्रायपॉडवर स्कोप, गळ्यात दुर्बीण, खिशात वही. डासांसाठी डोक्यावर जाळी. ती जाळी वर सारल्याशिवाय स्कोपला डोळा लागत नाही, त्यामुळे डोळ्याभोवती चावे ठरलेलेच.

मोठ्या नरांची शिंगं हिवाळ्याच्या सुरुवातीला, डिसेंबरच्या आसपास गळतात. कोवळ्या नरांची त्याहून उशिरा. वसंतात खुंटांवर नवी वाढ सुरू होते आणि ऑगस्टपर्यंत संपते. म्हणजे तीस-चाळीस पौंडांपर्यंत वजन भरू शकणारी ही हाडं चार-पाच महिन्यांत तयार होतात. गाय, गवा, नीलगाय यांची शिंगं बुडातून वाढतात आणि आयुष्यभर राहतात. मूस, सांबर, चितळ यांची शिंगं वाढतात ती टोकांकडून. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ जून महिन्यात स्कोपमधून बघताना कळला. खुंटाजवळचा भाग आधी तयार होतो, बाहेरचा नंतर. म्हणून पुढचा छोटा पंजा लवकर आकार घेतो, आणि पसारा ज्यावर ठरतो ती मोठ्या पंजाची बाहेरची कड सर्वांत शेवटी येते. उन्हाळ्यात पसाऱ्याचा अंदाज करत बसण्यात फारसा अर्थ नाही. बघायची ती रचना.

जूनच्या सुरुवातीला शिंग म्हणजे हळदीच्या ओल्या गड्ड्यासारखं दिसतं: जाड, गोल बोटांचं, कुठलंच टोक टोकदार नाही. वरची मखमल, म्हणजे वाढत्या शिंगावरची लवदार कातडी, गडद तपकिरी, उन्हात कडेला सोनेरी झाक मारणारी. तिच्याखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि त्यातूनच वाढत्या हाडाला सगळं पोचतं. हात लावला तर गरम लागतं म्हणे. मी अर्थात कधी लावला नाही. मात्र नर त्या शिंगांना किती जपतो हे नीट बघितलं. आल्डरच्या दाट झुडपांत शिरायचं टाळतो, शिरलाच तर मान तिरकी करून, हळूहळू. मखमलीवर माशा बसतात, त्या हाकलायला कान सतत फडफडतात. वारा असलेल्या उंचवट्यावर असे नर तासन्‌तास बसून रवंथ करतात. या दिवसांत शिंगाला इजा झाली तर ते वाकडं वाढतं, क्वचित पंजाला भोक राहतं.

इतकी खनिजं येतात कुठून? अन्नातून, पण तेवढ्यानं भागत नाही. वाढीच्या भरात नराच्या स्वतःच्या सांगाड्यातून, विशेषतः बरगड्यांतून, खनिजं शिंगांकडे वळवली जातात. हाडं काही काळ विरळ होतात आणि नंतर पुन्हा भरून येतात. दरवर्षी हे चक्र. दिवसाला वीस किलोहून जास्त पाला खाणाऱ्या या जनावराकडे मी जुलैमध्ये बघायचे तेव्हा मला ते एकाच वेळी धष्टपुष्ट आणि आतून ओढलेलं असं दोन्ही वाटायचं. म्हणून शिंगांचा आकार वयावर अवलंबून असतो तसा खाण्यावर आणि गेलेल्या हिवाळ्यावरही. अँकरेजमध्ये २०११-१२च्या हिवाळ्यात १३४.५ इंच बर्फ पडला होता, हा इथला विक्रम. अशा खोल बर्फातून पोटाला टेकत चालताना मूसची चरबी झिजते आणि वसंतात शिंग फुटायची वेळ येते तेव्हा गाठीला काहीच उरलेलं नसतं.

वहीत मी प्रत्येक नराचं वेगळं पान केलं. ओळखायचं कसं, तर शिंगांवरून नाही, कारण तीच बदलत असतात. कानाची कड, अंगावरचे व्रण, आणि गळ्याखाली लोंबणारी केसाळ कातडी, जिला बेल म्हणतात. कोवळ्या नरांत तिला खाली दोरीसारखं लांब शेपूट असतं. कडाक्याच्या थंडीत गोठून ते गळतं, म्हणून म्हाताऱ्या नरांत बेल आखूड आणि रुंद दिसते. वय जोखायला ही मदत होते. देहसुद्धा बोलतो: तीन वर्षांचा नर उंच पायांचा, पोट वर ओढलेलं; आठ-दहा वर्षांचा छातीत भरलेला, मान जाड, पोट खाली उतरलेलं. सर्वांत मोठी शिंगं साधारण दहा ते बारा वर्षांच्या नरांवर असतात. त्यानंतर ती ओसरू लागतात, आणि सोळाच्या पुढं फारसे मूस जगतच नाहीत.

माझ्या वहीतलं सगळ्यात भरलेलं पान होतं फाटक्या कानाच्या नराचं. डाव्या कानाची कड इंचभर गेलेली. जून मध्यावर त्याच्या पुढच्या फाट्याला दोन्ही बाजूंना दोन-दोन गोल फुगवटे होते. जुलै लागला तेव्हा तीन-तीन. मग डाव्या बाजूला, आतल्या अंगाला, नाकाच्या दांड्याच्या वर, आणखी एक बारीक उंचवटा दिसायला लागला. नवरा म्हणाला, "झाले की चार." मी वहीत तीनच लिहिले आणि बाजूला टिंब काढलं. गॅरेजातलं ते पाऊण इंचाचं टेंगूळ माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. जुलैच्या शेवटापर्यंत ते टिंब टिंबच राहिलं. या काळात मोठा पंजा मात्र झपाट्यानं उघडत होता. आठवडाभराच्या अंतरानं गेलं तरी फरक नुसत्या दुर्बिणीतून दिसे. कडेची टोकं आधी लाटेसारखी उठायची, मग वेगळी व्हायची.

वाढ संपली की नाही हे सांगतात शेंडे. शेंडा गोल, फुगीर, चकचकीत असेल तर आत अजून काम चालू आहे. शेंडा बारीक होऊन निमुळता झाला, मखमल तिथं ताणून बसली, की आता हाड पुढं सरकणार नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात फाटक्या कानाच्या नराचे शेंडे असे एकेक करून निमुळते होत गेले, आणि शेवटी डावं चौथं टोकही बाहेर आलं. कोनात, पुढं झुकलेलं, पण स्वतंत्र आणि इंचाहून नक्कीच लांब. मी त्या दिवशी टिंबाच्या जागी चार लिहिलं. समोरून बघताना ते टोक तिसऱ्याच्या मागे लपायचं. मान थोडी उजवीकडे वळली की मोकळं व्हायचं. हे मला पुढं फार उपयोगी पडलं. ब्राउ टाइन मोजायची तर एका कोनातून कधीच मोजायची नाहीत. समोरून मोजायची, मान फिरेपर्यंत थांबायचं, पुन्हा मोजायची. जनावर मान खाली घालून चरत असताना तर मोजूच नये, टोकं गवतात जातात आणि विलोच्या फांद्या टोकांसारख्या दिसतात.

मखमलीतल्या शिंगाबद्दल आणखी एक गोष्ट. ते आहे त्याहून जाड आणि मोठं दिसतं. मखमल सुकून गळाली की प्रत्येक कड थोडी आत येते. ऑगस्टमध्ये जो नर जेमतेम पन्नासचा वाटतो त्याला पन्नासचा धरू नये. शिवाय दुपारच्या उन्हात टुंड्रावरची हवा थरथरते आणि स्कोपमधली प्रतिमा वाफेतून बघितल्यासारखी होते; त्या वेळचे माझे सगळे अंदाज नंतर मी खोडून टाकले. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा, तेही सूर्य आपल्या पाठीशी असताना, एवढाच वेळ भरवशाचा.

ऑगस्ट उतरणीला लागतो, दिवस आखडायला लागतो, नराच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन चढतं. त्यानं शिंगातलं हाड पक्कं होतं आणि मखमलीचा रक्तपुरवठा तुटतो. मग नर विलोच्या आणि आल्डरच्या खोडांवर शिंगं घासू लागतो. हे मी आधी चित्रांत बघितलं होतं. प्रत्यक्षात ते फार हिंस्र दिसतं. मखमलीच्या रक्ताळलेल्या चिंध्या कपाळावर लोंबत असतात, शिंग लालभडक असतं, आणि काही नर त्या गळलेल्या चिंध्या खातातही. दोन-तीन दिवसांत शिंग फिकट होतं, आणि मग झाडांच्या रसानं, घासण्यानं तपकिरी चढतं. जूनमध्ये ज्या डहाळीला शिंग लागू नये म्हणून मान वळवणारा तो नर, आता अंगठ्याएवढ्या जाडीची झाडं मोडून टाकत होता. विलोची अशी सोललेली, मोडलेली खोडं दिसली की जवळपास मोठा नर आहे एवढं कळतं. पन्नासचा आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

या नियमांमागचा विचारही मला या उन्हाळ्यातच पटला. शिंगांवर आधारलेली ही निवडक शिकार १९८७ साली केनाई द्वीपकल्पात सुरू झाली आणि नंतर इतर विभागांत गेली. रस्त्याजवळच्या भागांत नर भराभर कमी होत होते. वरचे थोडे आणि अगदी कोवळ्यांतले थोडे घ्यायचे, मधल्या वयाचे नर प्रजोत्पादनासाठी राखायचे, म्हणजे हंगाम सर्वांना खुला ठेवता येतो आणि कळपात नरही राहतात. सगळा डोलारा शिकाऱ्याच्या नजरेवर उभा आहे. ती नजर कमावायची जबाबदारी सरकारनं आपल्यावर टाकली आहे असं मी धरून चालते.

विभाग १३चा हंगाम १ ते २० सप्टेंबर. आम्ही डेनाली हायवेवर गेलो. पॅक्सन ते कँटवेल असा १३५ मैलांचा हा रस्ता १९५७ साली खुला झाला आणि अजूनही बहुतेक कच्चाच आहे. मॅक्लारेन नदी ओलांडली की रस्त्याच्या उत्तरेला क्लिअरवॉटर क्रीकचा भाग लागतो. तिथं शिकारीसाठी मोटारवाहनं नेता येत नाहीत. आम्हाला पायीच जायचं होतं, म्हणून तोच निवडला. रस्त्यापासून दीड मैलाच्या पुढं काहीही पाडायचं नाही हे आधीच ठरवून ठेवलं होतं, कारण पाडलेलं सगळं पाठीवरून आणायचं असतं.

पहिला मोठा नर दिसला तो सकाळच्या उजेडात, खालच्या तळ्याच्या कडेला. देखणा, रुंद, शिंगं स्वच्छ. नवऱ्यानं हळूच विचारलं, "पन्नास?" मी डोळ्यांच्या पट्ट्या मांडल्या. डावीकडे दोन, आणि वर बोटभर. उजवीकडे दोनला जरा कमी. मान सरळ झाली तेव्हा पुन्हा मांडल्या. आता दोन्हीकडे दोन, पण मोकळी जागा नव्हती. पुढची टोकं दोन्ही बाजूंना तीन. तो वळला, पाठमोरा झाला, पुन्हा समोर आला, तीनच. बहुधा तो पन्नासचा असेलही. आम्ही स्कोपमधून तो विलोत शिरेपर्यंत बघत राहिलो आणि वहीत त्याची नोंद केली.

दुसरा, काही दिवसांनी, त्याहून अरुंद होता. पसारा बघून मी त्याला लगेच बाद केलं असतं, पण उन्हाळाभर पुढच्या पंजाकडे आधी बघायची सवय लागली होती. डावीकडे तीन स्पष्ट. आणि आतल्या अंगाला, नाकाच्या वर, पुढं झुकलेलं काहीतरी. फाटक्या कानाच्या नराला जिथं होतं नेमकं तिथं. मान समोर असताना ते तिसऱ्याच्या मागे गेलं. आम्ही थांबलो. नवरा दुर्बिणीतून, मी स्कोपमधून, आणि ठरलं होतं की दोघांनी स्वतंत्र मोजायचं, एकमेकांना आकडा सांगायचा नाही. नरानं मान उजवीकडे वळवली. टोक सुटं दिसलं, मागे पिवळ्या पडलेल्या बर्चचा उजेड होता, शेंडा निमुळता, बुडाशी अरुंद. तो पुन्हा समोर, पुन्हा वळला. मी वहीवर चार लिहिलं आणि वही नवऱ्याकडे सरकवली. त्यानं खाली आपलं चार लिहिलं. मग बंदूक घेतली.

नर जागीच पडला. जवळ गेल्यावर मी आधी त्याच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ बसले. मग टेप काढली. पसारा ४७ इंच. डावीकडचं चौथं टोक सव्वादोन इंच लांब, रुंदीपेक्षा लांबी दुपटीच्या आसपास. उजवीकडे तीन. एका टोकामुळे तो कायद्यात होता.

पुढचं काम हाडं मोडणारं होतं. १६०० पौंडांच्या नरातून सुमारे ५०० पौंड मांस निघतं असं इथं सांगतात. आमचा त्याहून लहान होता. खाण्याजोगं सगळं मांस रानातून बाहेर आणावंच लागतं, मान आणि बरगड्यांमधलंसुद्धा, आणि पुढचे-मागचे फरे हाडासकट. शिंगं शेवटच्या मांसाच्या खेपेआधी हलवता येत नाहीत. मला हा नियम फार आवडतो. ज्याला शिंगंच हवी आहेत त्यालाही आधी मांस वाहावं लागतं. अस्वलांचा भाग असल्यामुळे प्रत्येक खेपेला परत येताना मोठ्यानं बोलत, वाऱ्याची दिशा बघत यायचो. मांस कापडी पिशव्यांत घालून सावलीत, वारा लागेल असं टांगलं होतं. घरी आल्यावर पहिला वाटा शेजारच्या आजोबांकडे गेला, आणि आमच्याकडे सावजी मसाल्यात नळीचा रस्सा झाला.

शिंगं आजोबांनीच मोजून पाहिली. चौथ्या टोकावर अंगठा फिरवला आणि विचारलं, हे कुठून दिसलं? मी वहीतलं जुलैचं पान दाखवलं.

मूसच्या शिंगांची ठेवण वर्षानुवर्षं बरीचशी तीच राहते, नर भरात येईपर्यंत तिचा आकार वाढत जातो, असं जाणकार सांगतात. फाटक्या कानाचा नर सप्टेंबरअखेर मला ग्लेन आल्प्सला दोन माद्यांबरोबर दिसला होता, म्हणजे तो हिवाळ्यात शिरला एवढं नक्की. यंदा बर्फ बराच पडलाय. तो निभावला आणि त्याच दरीत परतला, तर त्याचं डावं चौथं टोक त्याच जागी आणि त्याच वेळी फुटतं का, की भुकेच्या हिवाळ्यानंतर ते नुसतं टेंगूळच राहतं, हे मला जुलैपासून बघायचं आहे. वहीत त्याच्यासाठी समोरचं पान कोरं ठेवलंय.